फुकटच्या चिप्सवर पोकर नीट कसं खेळायचं? (नाशिककरांचा धागा)

गोदाकाठचा

दिवाळीनंतर आपल्या शुक्रवारच्या ऑनलाइन टेबलावर बरीच नवी मंडळी आली आहेत. सातपूर-अंबडच्या शिफ्टवाले, कॉलेज रोडची मुलं, निफाड-दिंडोरीकडचे बागाईतदार. नियम सगळ्यांना येतात, पण चाल अजून तीन पत्तीचीच आहे. चिप्स फुकटच्या म्हणून कुणी पान टाकायला (डाव सोडायला) तयार नसतं आणि दर डावात सहा-सात जण फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) बघतात. फुकटच्या टेबलावरही पोकर मन लावून शिकता येतं असं मला ठामपणे वाटतं, म्हणून हा धागा.

आधी कायद्याचं सांगतो, कारण ते मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बँकांनी आणि पेमेंट कंपन्यांनी असे व्यवहार करायचे नाहीत. त्यामुळे इथे जे काही लिहिलं जाईल ते पैसे न लावता खेळायच्या टेक्सास होल्डेमबद्दल.

आता खेळ. हातात येणाऱ्या दोन पानांचे एकूण १३२६ प्रकार होतात. त्यात कुठलीही जोडी साधारण १७ डावांत एकदा येते. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. म्हणजे बहुतेक वेळा हातात येतं ते टाकण्यासारखंच. नऊ जणांच्या टेबलावर सगळ्यात आधी बोलायची पाळी असेल तर दहा डावांतला जेमतेम एखादा खेळावा. बटणावर (पानं वाटणाऱ्याच्या जागेवर) असाल आणि पुढच्यांनी पानं टाकली असतील, तर दहातले चारही चालतात. पानं तीच, फरक फक्त बसण्याच्या जागेचा. बटणावरचा माणूस फ्लॉप, टर्न (चौथं पान), रिव्हर (पाचवं पान) तिन्ही वेळा सगळ्यांच्या शेवटी बोलतो. समोरच्यांनी काय केलं ते बघून त्याला ठरवता येतं. पोकरमध्ये इतका मोठा फायदा फुकटात दुसरा कुठलाच मिळत नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चिप्स कशात जातात? एक्का आणि बारकं पान. एक्का-छक्की दिसली की माणूस सोडत नाही. समोर एक्का-राजा असला तर एक्का-छक्की चारातून साधारण एकदाच वाचते. वाईट म्हणजे टेबलावर एक्का पडला की ती सोडवतही नाही. सुरुवातीच्या जागेवरून हे हात सरळ टाका.

आणि रेझचा, म्हणजे लावलेली रक्कम वाढवण्याचा, आकार. पुस्तकी सल्ला असतो बिग ब्लाइंडच्या (डावाआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांतली मोठी) अडीच-तीन पटीचा. आपल्या टेबलावर तीन पट म्हणजे सगळ्यांना आमंत्रण. एक्क्यांची जोडी एकाविरुद्ध ८५ टक्के वेळा जिंकते. चार जण रिव्हरपर्यंत आले तर साधारण ५६ टक्के, आठ जण आले तर ३५ टक्क्यांच्या आसपास. पान तेच, पण माणसं वाढली की त्याची ताकद पातळ होते. म्हणून पाच-सहा पट रेझ करा, आणि आधी कुणी नुसता कॉल करून (समोरच्याइतकंच लावून) आत आला असेल तर प्रत्येकासाठी आणखी एक पट वाढवा. लोक कॉल करतीलच, पण दोघं-तिघं करतील, सहा जण नाही.

---

देवळालीकर

धागा उत्तम. मी आयुष्यभर ब्रिज आणि रमी खेळलो, पोकर अलीकडे नातवाकडून शिकलो. एक शंका आहे. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. पोकरमध्ये उलटं, फ्लश स्ट्रेटच्या वर. हे का? कुणीतरी ठरवलं म्हणून, की त्यामागे काही गणित आहे?

---

मेधा_नाशिकरोड

काका, गणितच आहे, आणि सुंदर आहे. मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. क्रमचय-संचयाच्या धड्याला पत्ते हमखास लागतात.

तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून वर. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०. त्यात स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. इथे फ्लश दुर्मीळ, म्हणून तो वर. तीन पानं एका रंगाची जुळणं तितकंसं अवघड नसतं, पाच जुळणं फार अवघड. पान वाढलं की क्रम फिरतो.

जाता जाता एक गंमत. तीन पत्तीत तिय्या ५२ प्रकारे येतो आणि एकाच रंगाचा सिक्वेन्स ४८ प्रकारे. म्हणजे हिशेबाने शुद्ध सिक्वेन्स वर असायला हवा, पण दिवाळीत प्रत्येक घरात तिय्याच राजा. वर्गात हे सांगितलं की मुलं घरी जाऊन मोजून बघतात.

---

देवळालीकर

वा! आज जेवताना नातवाला विचारतो.

---

सिडको_एक्सप्रेस

मस्त धागा दादा. माझा प्रश्न ड्रॉबद्दल, म्हणजे हात पुरा व्हायला एक पान कमी असतं तेव्हाचा. बदामचा ड्रॉ आला की मी कॉल करत राहतो. कधी लागतो, कधी नाही. नेमकं कधी जायचं आणि कधी सोडायचं हे कळत नाही. गेल्या शुक्रवारचा हात:

मी बटणावर, हातात बदाम गुलाम आणि बदाम दश्शी. फ्लॉपला बदाम राजा, बदाम चौकी, इस्पिक सत्ती. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) ६००. समोरच्याने ३०० लावले, मी कॉल. टर्नला किलवर तिर्री. पॉट १२००, त्याने १२०० लावले. त्याच्याकडे मागे साधारण हजार उरले होते. मी पुन्हा कॉल केला. रिव्हरला काही आलं नाही.

---

मेधा_नाशिकरोड

चांगला हात इथे मांडलास, यावर सगळंच शिकता येईल.

आधी मिळणारी, म्हणजे तुझा फ्लश पुरा करणारी, पानं मोज. बदामची १३, त्यातली चार दिसली, उरली ९. न दिसलेली पानं ४७. टर्नला बदाम येण्याची शक्यता ९ भागिले ४७, म्हणजे १९ टक्के. टर्न-रिव्हर दोन्ही मिळून ३५ टक्के. तोंडी हिशेब करायचा तर एका पानासाठी मिळणाऱ्या पानांना दोनने गुण, दोन पानांसाठी चारने. ९ गुणिले २ म्हणजे १८, ९ गुणिले ४ म्हणजे ३६. खेळताना एवढं पुरतं.

आता किंमत. फ्लॉपला तुला ३०० द्यायचे होते, मिळणार होते पॉटचे ६०० आणि त्याचे ३००. तुझे धरून सगळे १२००, त्यातले तुझे ३००, म्हणजे २५ टक्के. तुझी शक्यता १९. नुसत्या पुढच्या पानावर बघितलं तर कॉल तोट्यात आहे. ३५ टक्के हा आकडा इथे वापरायचा नाही, कारण टर्नला तो पुन्हा लावणार आणि रिव्हर बघायला तुला पुन्हा द्यावे लागणार. हा घोटाळा जवळजवळ सगळेच करतात. ३५ तेव्हाच खरा, जेव्हा फ्लॉपलाच कुणीतरी ऑल-इन (सगळ्या चिप्स लावून) झालेला असतो आणि पुढे काही द्यायचं नसतं.

मग फ्लॉपचा कॉल चूक का? नाही. फ्लश लागल्यावर तो तुला अजून किती देईल, तेही धरायचं. हिशेब केला तर लागल्यानंतर सरासरी ३७० च्या आसपास आणखी मिळाले की कॉल बरोबरीत येतो. पॉट तेव्हा १२०० असेल. त्यात ३७० कॉल करणारे आपल्या टेबलावर भरपूर आहेत, शिवाय तू शेवटी बोलतोयस. तेव्हा फ्लॉपचा कॉल बरोबर.

टर्नला मात्र १२०० देऊन एकूण ३६०० होणार, म्हणजे ३३ टक्के हवेत. तुझ्याकडे ९ भागिले ४६, साडेएकोणीस टक्के. तूट भरून काढायला लागल्यानंतर आणखी अडीच हजार मिळायला हवेत, आणि त्याच्याकडे हजारच उरलेत. तिथे पान टाकायचं. त्याच्यापुढे किती चिप्स आहेत हे बघितल्याशिवाय ड्रॉचा निर्णय होतच नाही.

---

सिडको_एक्सप्रेस

ताई, मागे किती चिप्स उरलेत ते बघायचं असतं हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. यूट्यूबवर सगळे ३५ टक्के, ३५ टक्के करतात.

---

गोदाकाठचा

मेधाताईंच्या प्रतिसादाला जोड म्हणून किमतीचे तीन आकडे पाठ करा. समोरच्याने पॉटच्या एक तृतीयांश लावले तर कॉलला २० टक्के हवेत. अर्धा पॉट लावला तर २५. पूर्ण पॉट लावला तर ३३. आणि ड्रॉचे दोन आकडे: दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट म्हणजे ८ पानं, मधलं एकच पान हवं असेल तर ४. चार पानांवर एका वेळेला साडेआठ टक्केच मिळतात. त्यासाठी अर्धा पॉट देणारे आपल्याकडे रोज दिसतात. तुमच्या हातात चांगली जोडी असेल तेव्हा ही माणसं तुमच्या समोर असावीत अशी इच्छा धरा आणि मोठं लावा.

---

निफाडकर

राम राम मंडळी. मी बागेचं काम आटोपून रात्री बसतो. माझं एवढंच म्हणणं आहे की एक्का-राजा हे पान नुसतं नावाचं. चार वेळा आलं, चारही वेळा हरलो. त्यापेक्षा सत्ती-अठ्ठी बरी, निदान कधीतरी स्ट्रेट लागतो. गणित ठीक आहे, पण हाताला अनुभव वेगळाच येतो.

---

गोदाकाठचा

भाऊ, एक्का-राजाचं तसंच असतं. फ्लॉपला जोडी किंवा त्याहून चांगलं काही लागतं ते तिनातून एकदा. दोनदा काहीच लागत नाही. राण्यांच्या जोडीसमोर एक्का-राजा थोडा मागेच असतो, शंभरात ४३ ते ४६ वेळा जिंकतो. ताकद कुठे दिसते तर एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी घेऊन आलेल्यांसमोर. तिथे चारातून जवळजवळ तीनदा तुम्ही जिंकता. म्हणून फ्लॉपआधी मोठा रेझ, एक किंवा दोन माणसं आत, आणि फ्लॉपला काही लागलं नाही व तिघं-चौघं आत असतील तर शांतपणे सोडून द्यायचं. चार वेळांवरून पानाची परीक्षा होत नाही. क्लबात समोरासमोर बसलं तर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, ऑनलाइन एका टेबलावर साठ ते ऐंशी. तरीही एखाद्या पानाबद्दल काही म्हणायला हजारो डाव लागतात.

निर्णय बरोबर होता का, हा एक प्रश्न. डाव जिंकला का, हा वेगळा. दोन्हींची वही वेगळी ठेवा.

---

निफाडकर

हे पटलं. आमच्याकडे ढग आले की डावणीची (द्राक्षावरच्या रोगाची) फवारणी घेतो. पाऊस आलाच नाही, तर फवारणी चुकली असं कुणी शहाणा बागाईतदार म्हणत नाही. त्या वेळच्या हवामानाला तोच निर्णय होता. उलट फवारणी न घेता बाग वाचली, तरी पुढच्या वर्षी तसं करू म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. पत्त्यांना हाच न्याय लावायचा म्हणता तर लावू.

---

मेधा_नाशिकरोड

निफाडकर दादा, हे मी वर्गात सांगणार. तुमचं नाव घेऊन.

---

सातपूरवाला

सगळं वाचलं. एक व्यवहारी प्रश्न. माझा एक मित्र परदेशी साइटवर व्हीपीएन लावून खरे पैसे लावून खेळतो. यूपीआयने कुणाच्या तरी खात्यात पाठवायचे, चिप्स येतात. खेळणाऱ्याला शिक्षा नाही म्हणतात. मग इतका अभ्यास केल्यावर छोट्या रकमेने खेळायला काय हरकत? नाहीतर आपल्याच टेबलावर चिप्सचा हिशेब ठेवायचा आणि रविवारी आपापसात चुकता करायचा.

---

गोदाकाठचा

दोन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे, आणि कारणं सांगतो.

पहिलं. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही हे खरं. पण तुम्ही जिंकलात आणि साइटने पैसे दिले नाहीत तर जाणार कुठे? ज्या खात्यात यूपीआय केलं ते खातं कुणाचं, हे तुम्हाला माहीत नसतं. असं खातं सायबर फसवणुकीच्या तपासात सापडलं की ज्यांचे व्यवहार त्यात दिसतात त्यांचीही खाती गोठू शकतात. पगाराचं खातं गोठलं की घराचा हप्ता थांबतो. तुमच्या मित्राला हे सांगा.

दुसरं, खेळाचंच. त्या साइटवर समोर माणूस आहे की प्रोग्राम, हे कळायला मार्ग नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामने जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला चार व्यावसायिक खेळाडूंना एकास एक होल्डेममध्ये हरवलं, १,२०,००० डाव खेळून. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठाच्या आणि फेसबुकच्या संशोधकांच्या प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. आपल्यासमोरचा बॉट तितका हुशार नसेलही, पण तो दमत नाही, चिडत नाही आणि पहाटे तीनलाही तसाच खेळतो. दोघं-तिघं खेळाडू फोनवर एकमेकांना पानं सांगत असतील तर तेही तुम्हाला दिसत नाही.

तिसरं, आपल्या टेबलाचा हिशेब बाहेर चुकता केला की तो पैशांचाच खेळ झाला. मग या टेबलात आणि बंद झालेल्या ॲपमध्ये फरक काय राहिला? शुक्रवारचं टेबल ज्या दिवशी तसं होईल त्या दिवशी मी ते बंद करीन. हरणाऱ्याने मिसळ द्यायची ही सूचनाही मागे आली होती, तीही आपण घेतली नाही. रविवारी मिसळीला जरूर भेटू, बिल ज्याचं त्याने.

---

पंचवटी_७

मी खेळत नाही, नुसती वाचते. सातपूरवाल्या दादांसाठी लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाला हा खेळ खरंच चांगला येत होता. पॉटचे टक्के वगैरे सगळं तोंडपाठ. बंदीच्या आधीची गोष्ट, एका ॲपवर. सुरुवातीला जिंकला. मग हरलेला पैसा त्याच रात्री परत काढायचा म्हणून मोठ्या टेबलांवर जायला लागला, आणि तिथे तो शिकलेलं काहीच पाळत नव्हता. आधी बाइक गेली, मग आईच्या नावावरची ठेव. घरात कळलं ते वसुलीचे फोन यायला लागल्यावर. तो हुशार होता म्हणूनच आम्हाला शंका आली नाही.

आता बरा आहे. समुपदेशनाचा फार उपयोग झाला. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. पहिला फोन त्याने नाही, मी केला होता. घरच्यांनी केला तरी चालतो. आणि पैसे फसवून गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा, जितक्या लवकर तितकं बरं.

---

देवळालीकर

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. भावाला आमचे आशीर्वाद सांगा.

---

सातपूरवाला

पंचवटी ताई, वाचलं. मित्राला हा धागा पाठवला आहे. हिशेबाची सूचना मागे घेतो.

---

सिडको_एक्सप्रेस

विषय ब्लफकडे नेऊ का? सिनेमात बघून वाटतं पोकर म्हणजे ब्लफ. आपल्या टेबलावर मी ब्लफ केला की कुणीतरी पंजीच्या जोडीवर कॉल करतोच.

---

गोदाकाठचा

म्हणून आपल्या टेबलावर ब्लफ जवळजवळ करूच नका.

ब्लफचा हिशेब सोपा आहे. अर्धा पॉट लावून ब्लफ केला तर तो तीनातून एकदा चालला की बरोबरी. पूर्ण पॉट लावला तर दोनातून एकदा चालायला हवा. म्हणजे समोरचा किती वेळा पान टाकतो यावर सगळं अवलंबून. फुकटच्या चिप्सवर लोक पान टाकतच नाहीत. कुतूहल म्हणून कॉल करतात, कंटाळा आला म्हणून करतात, शिफ्ट संपवून आलेत आणि झोपायच्या आधी मोठा पॉट बघायचाय म्हणून करतात. ज्याला पान टाकता येत नाही त्याच्यापुढे ब्लफ करून काय मिळणार? त्याच्यापुढे चांगल्या हाताने दणकून लावायचं. दोन जोड्या, तिय्या, चांगल्या किकरची (जोडीसोबतच्या पानाची) वरची जोडी असेल तर पॉटच्या दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त, फ्लॉपला, टर्नला आणि बहुधा रिव्हरलाही. समोरचा घाबरून जाईल म्हणून चेक करून (काही न लावता) जाळं लावणारे माझे मित्र एका मोठ्या पॉटच्या जागी तीन छोटे पॉट घेतात.

तरी एक प्रकार चालतो. समोर एकच माणूस, तोही असा की ज्याला तुम्ही पान टाकताना पाहिलंय, आणि तुमच्याकडे ड्रॉ आहे. तिथे रेझ करा. त्याने टाकलं तर पॉट तुमचा, कॉल केला तर अजून ९ पानं आहेत.

ऑनलाइन चेहरा दिसत नाही, पण सवयी दिसतात. बऱ्याच ॲपमध्ये खेळाडूवर टिपण लिहायची सोय असते, ती वापरा. मी फार साधं लिहितो: "ड्रॉवर रेझ करत नाही", "रिव्हरला मोठं लावलं की खरंच असतं", "एक्का सोडत नाही". तिसरं टिपण आपल्यातल्या निम्म्या लोकांना लागू आहे. वेळेवर मात्र फार विसंबू नका. उशिरा उत्तर आलं म्हणजे तो विचार करतोय असं वाटतं, प्रत्यक्षात इंदिरानगरला नेटवर्क गेलेलं असतं.

---

देवळालीकर

नुसता कॉल करून आत यायला काय हरकत आहे? स्वस्तात फ्लॉप बघायला मिळतो. ब्रिजमध्येही आपण पास देऊन थांबतो.

---

मेधा_नाशिकरोड

काका, रेझ केला की जिंकायचे दोन रस्ते असतात: सगळ्यांनी पान टाकलं तरी पॉट मिळतो, नाहीतर चांगलं पान लागून मिळतो. नुसत्या कॉलला दुसराच रस्ता उरतो, आणि मागून कुणी रेझ केला की स्वस्त फ्लॉप महाग होतो. वर प्लुरिबसचा उल्लेख आलाय. तो माणसांचे डाव बघून शिकला नव्हता, स्वतःशीच खेळून शिकला. तरी पहिल्यांदा नुसता कॉल करून आत यायचं त्याने जवळजवळ सोडूनच दिलं, फक्त स्मॉल ब्लाइंडमधून ठेवलं. अनुभवी खेळाडू आधीपासून हेच सांगत होते.

आपल्या टेबलावर एक अपवाद मी करते. आधीच तिघं-चौघं कॉल करून आत असतील आणि माझ्याकडे बारकी जोडी असेल, तर मीही कॉल करते. फ्लॉपला तिय्या साधारण साडेआठातून एकदा लागतो, पण लागला की एवढ्या माणसांतला कुणीतरी पूर्ण चिप्स देतो. नाही लागला तर लगेच टाकते.

---

सिडको_एक्सप्रेस

आणि टूर्नामेंटमध्ये चिप्स कमी उरल्यावर?

---

गोदाकाठचा

दहा बिग ब्लाइंडच्या खाली आलात की कॉल वगैरे विसरा. ऑल-इन किंवा फोल्ड, दोनच गोष्टी. आठ ब्लाइंड उरले, बटणावर आहात, पुढच्या सगळ्यांनी टाकलं, तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, दोन मोठी चित्रं ऑल-इनला चालतात. आधी टाकायला सांगितलेली एक्का-छक्की इथे चालते, कारण मागे फक्त दोन माणसं उरलेली असतात. आपल्या टेबलावर लोक जास्त कॉल करतात, तेव्हा अगदी हलके हात वगळा. दोन-तीन ब्लाइंड उरेपर्यंत थांबू नका. तेव्हा ऑल-इनला कुणी घाबरत नाही.

आणि चिप्स संपल्या तर विकत घेऊ नका. रोजच्या फुकट मिळतात तेवढ्यावर खेळा. चिप्स मर्यादित असल्या की माणूस पान टाकायला शिकतो. माझ्या मते फुकटच्या टेबलावर खेळ सुधारायचा हा सगळ्यात चांगला उपाय आहे.

---

निफाडकर

माझाही एक हात घ्या. ब्लाइंड ५०-१००. दोघं कॉल करून आत. मी मधल्या जागेवर, राण्यांची जोडी. ३०० रेझ केला. बटण, बिग ब्लाइंड आणि आधीचे दोघं, सगळे आले. पॉट १५५०. फ्लॉप नव्वी, पंजी, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगाची. मी ५०० लावले, फक्त बटण आलं. टर्नला राजा. मी चेक, त्यानेही चेक. रिव्हरला तिर्री. मी चेक, त्याने ८०० लावले, मी कॉल केला. त्याने राजा-नव्वी दाखवली. कुठे काय करायला हवं होतं?

---

मेधा_नाशिकरोड

शेवटून बघू. रिव्हरला पॉट २५५०, त्याने ८०० लावले. तुम्ही ८०० देऊन एकूण ४१५०, म्हणजे १९ टक्के हवेत. पाचातून एकदा जिंकलात तरी पुरे. त्याने टर्नला चेक केलं होतं, त्यामुळे राजा त्याच्याकडे नसेल असं मानायला जागा होती. नुसती नव्वी किंवा दुसरी बारकी जोडी घेऊनही तो लावू शकतो. कॉल बरोबर. टर्नचा चेकही मला चालतो, राजा वाईट पान आहे आणि तो तुमच्या नंतर बोलणार आहे.

बदल दोन ठिकाणी हवा. फ्लॉपआधी दोघं आत आले होते, तिथे ३०० फार कमी. वर गोदाकाठच्या दादांनी दिलेला हिशेब लावला तर ७०० हवे होते. एवढ्याला राजा-नव्वी बहुधा आलीच नसती. दुसरं, फ्लॉपला १५५० च्या पॉटमध्ये ५०० म्हणजे एक तृतीयांशही नाही. ती पानं तुमच्यासाठी उत्तम होती. १००० ते ११०० लावायचे. त्याला सुधारायला तीन राजे आणि दोन नव्व्या, पाचच पानं होती, टर्नला साधारण ११ टक्के. त्याने ११०० देऊन कॉल केला असता तरी तुम्हाला आनंदच व्हायला हवा, कारण दहातून जवळजवळ नऊ वेळा टर्ननंतरही तुम्हीच पुढे असता.

---

निफाडकर

ठीक. या शुक्रवारी दोघं आत असले की ७००. पण तुम्ही सगळे आता हे वाचून बसलात, मला कॉल कोण करणार?

---

गोदाकाठचा

सातपूरवाला करेल, तो एक्का सोडत नाही. शुक्रवारी साडेनऊला टेबल उघडतो. यापुढे इथे हात लिहिताना निफाडकर भाऊंसारखेच लिहा: ब्लाइंड, बसायची जागा, दर टप्प्याला पॉट, आणि मागे किती चिप्स उरल्या ते. शेवटची गोष्ट भाऊंच्या हातात राहून गेली आहे. मेधाताई, बटणाकडे मागे फक्त पाचशे असते तर रिव्हरचं उत्तर बदललं असतं का?

---

मेधा_नाशिकरोड

किंमत आणखी स्वस्त झाली असती. ५०० देऊन ३५५०, म्हणजे १४ टक्के पुरले असते. कॉलच.